चालता येतं, मग राखीव जागेवर गाडी लावू का?

सिंधुदुर्गातल्या एका बाईंचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून थोडक्यात देते.

वय 63, जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त. दोन वर्षांच्या असताना पोलिओ झाला. डावा पाय बारीक, उजव्यापेक्षा आखूड. लंगडत का होईना, पण काठीशिवाय चालल्या, वर्गात उभ्या राहून शिकवलं. नोकरीच्या वेळी घरचे म्हणत होते, अपंगांच्या राखीव जागेचा अर्ज भर. त्यांनी भरला नाही. "मी गुणांवर लागले," असं पत्रात दोनदा लिहिलं आहे. गेल्या काही वर्षांत मात्र तो पाय लवकर थकतो. बाजारात दोनदा पडल्या. मुलगा अमेरिकेत असतो. तो म्हणतो, इथे मिळतो तसा पार्किंगचा परवाना काढ. मागच्या गणपतीला आला तेव्हा त्याने व्हीलचेअरचं चित्र असलेला निळा स्टिकर विकत आणून गाडीवर लावूनही टाकला. एका रुग्णालयाच्या आवारात राखीव जागेवर गाडी लावली, तर रखवालदाराने दाखला मागितला. दाखला नव्हता. बाई गाडीतून उतरून चालायला लागल्या, तेव्हा बाजूला उभी असलेली एक बाई म्हणाली, "चलाक तर येता मां!" त्या परत गाडीत येऊन बसल्या. यजमान मात्र स्टिकर आहे म्हणून एकटे असतानाही तिथेच गाडी लावतात. भाचा म्हणतो, ओळखीचा एक जण आहे, दाखल्यावर 40 टक्के अपंगत्व लिहून देतो. बाई विचारतात: मी पात्र आहे का? परवाना कुठे मिळतो? आणि माझ्याहून ज्याला जास्त गरज आहे त्याची जागा मी अडवते आहे का?

बाई, नोकरीभर सगळे तुम्हाला याच नावाने हाक मारत आले असतील, मीही तेच म्हणते.

परवान्यासाठी आरटीओत हेलपाटे घालू नका. मुलगा म्हणतो तो कागद आपल्याकडे नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांत डॉक्टर एका अर्जावर सही करतात आणि वाहन खातं गाडीच्या आरशाला टांगायची निळी पाटी देतं. तिथली एक प्रचलित कसोटी अशी की, मध्ये विसाव्याला न थांबता माणूस 200 फूट, म्हणजे साधारण 60 मीटर, चालू शकतो का. भारतात पार्किंगपुरता, देशभर चालेल असा वेगळा परवाना नाही. इथे हातात असावं लागतं ते दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि त्यासोबतचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. एसटीची सवलत असो की राखीव पार्किंग, पुरावा म्हणून तेच दाखवायचं. मुलाने आणलेला स्टिकर दुकानात कुणालाही मिळतो, म्हणून रखवालदाराने दाखला मागितला यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आवाज जरा खाली ठेवून मागायला हवा होता, एवढंच.

आरटीओचा संबंध येतो तो वेगळ्या कामासाठी. 2020 पासून गाडीच्या नोंदणीत मालक दिव्यांग असल्याची नोंद करता येते, पण त्यासाठी गाडी तुमच्या नावावर हवी. ती यजमानांच्या नावावर आहे असं तुम्ही लिहिता. राखीव जागेसाठी त्याचा काही अडसर नाही. कार्ड माणसाचं असतं. तुम्ही भावाच्या गाडीत बसा, नाहीतर भाड्याच्या रिक्षात बसा, ते तुमच्याबरोबर येतं.

इथेच यजमानांचा विषय येतो, तो आधी संपवते. तुम्ही गाडीत नसाल तेव्हा त्यांनी त्या जागेवर गाडी लावायची नाही. तुम्हाला आत सोडून ते परत न्यायला आले असतील आणि तुम्ही तिथूनच गाडीत बसणार असाल, तर माझ्या मते हरकत नाही. पण बँकेत "पाच मिनटांचं काम" असेल तर नाही. हे त्यांना तुम्हीच सांगा. चाळीस-चाळीस पोरांचा वर्ग सांभाळलेल्या बाईंना हे जड जाऊ नये.

आता पात्रतेकडे येऊ. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 सालचा आहे, तो एप्रिल 2017 मध्ये लागू झाला. 1995 च्या जुन्या कायद्यात सात प्रकार होते, या यादीत 21 आहेत. पोलिओने आलेलं अधूपण अस्थिव्यंगात मोडतं, त्यामुळे यादीत बसण्याबद्दल तुमच्या बाबतीत शंकाच नाही. (हे वाचणाऱ्या इतरांसाठी: पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, हिमोफिलिया, सिकलसेल यादीत आहेत. हृदयविकार, दमा, डायलिसिस नाहीत. दहा पावलांत धाप लागणाऱ्या माणसाला यावर राग येईल, आणि तो रास्त आहे.)

राहिला प्रश्न टक्क्यांचा. 40 हा आकडा आपल्याकडे असा बसला आहे की त्याच्या वर ते खरे आणि खाली ते खोटे. कायदा असं म्हणत नाही. 40 टक्क्यांची अट नोकरीतलं आरक्षण, शिक्षणातल्या जागा, काही योजना यांच्यासाठी आहे. 'दिव्यांग व्यक्ती' या व्याख्येत मात्र टक्काच नाही. दीर्घकाळ टिकणारी उणीव आणि समाजातले अडथळे, या दोन्हींमुळे ज्याचा इतरांच्या बरोबरीने होणारा वावर रोखला जातो तो दिव्यांग, असा तिचा अर्थ. रॅम्प, कठडे, पार्किंग या सोयी त्या व्यापक व्याख्येतल्या माणसासाठी आहेत. व्यवहारात रखवालदार 40 पाहतो हे खरं, म्हणून टक्के मोजून घ्यायचेच. पण तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाने 35 लिहिले तर तुमचा पाय लगेच धडधाकट होत नाही, हे आधीच मनाशी पक्कं करून जा.

हे टक्के मोजतात कसे, ते माहीत असलेलं बरं. डॉक्टर सांध्यांची हालचाल किती होते ते पाहतात, स्नायूंच्या प्रत्येक गटाची ताकद 0 ते 5 अशी लावतात, उभं राहणं, वळणं, मांडी घालणं, पायऱ्या चढणं तपासतात. पायाच्या आखूडपणाचे वेगळे टक्के असतात: पहिल्या अर्ध्या इंचाला काही नाही, पुढच्या प्रत्येक अर्ध्या इंचाला 4. मग हे आकडे एका सूत्राने एकत्र करतात, सरळ बेरीज करत नाहीत. म्हणजे इथे मोजला जातो तो पाय. गाडी लावल्यापासून मासळीच्या ओट्यापर्यंत किती पावलं पडतात आणि तिथे पोचल्यावर तुमची अवस्था काय होते, हे त्या कागदावर नीट उतरत नाही. तुमच्या मुलाच्या देशात अंतर विचारतात, आपण टक्का विचारतो, आणि तुमच्यासारख्यांची अडचण नेमकी या दोन्हींच्या मधली आहे.

म्हणून बोर्डापुढे जाताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा: शौर्य दाखवू नका. आपल्याकडच्या बायका डॉक्टरांसमोर बसल्या की तोंडातून पहिलं वाक्य निघतं, "काही नाही हो, चालतंय." तुम्ही तर सगळं आयुष्य "चालतंय" म्हणत काढलंत. सकाळी दहाला, विश्रांती घेऊन आलेला पाय एकदा उचलून दाखवायला सांगितला तर तो उचलला जाईलही. तुम्ही सांगायला हवं ते असं: घरच्या जांभ्याच्या पायऱ्या आता कठड्याशिवाय उतरता येत नाहीत. पावसात पाणंदीतून जाणं बंद केलं. बाजारात दोनदा पडले, कुठे आणि कशी. रांगेत किती वेळ उभं राहवतं. हे घरी वहीत लिहून न्या, तिथे आठवत नाही. साडीऐवजी पाय मांडीपर्यंत मोकळा करता येईल असे कपडे घाला. बुटाला टाच वाढवून घेतली असेल तर तेच बूट घालून जा. अतिशयोक्तीचं एक अक्षर नको, पण झाकायचंही काही नाही.

भाच्याच्या ओळखीच्या माणसाबद्दल लांबण लावत नाही. खोटेपणाने दिव्यांगांचे लाभ घेतले तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद याच कायद्याच्या कलम 91 मध्ये आहे. आणि तुम्हाला त्याची गरज काय? खरा पाय घेऊन सरळ दारातून जाता येत असताना खोटा कागद घेऊन मागच्या दाराने कशाला जायचं!

आता तुमच्या पत्रात दोनदा आलेलं ते वाक्य. "मी गुणांवर लागले." बाई, ते तुमच्याकडून कोण काढून घेणार आहे? विशीत राखीव जागेचा अर्ज न भरणं हा तुमचा निर्णय होता, त्याचा अभिमान असू द्या. पण तेव्हा जे नाकारलंत ती नोकरी होती, आणि ती तुम्ही दुसऱ्या वाटेने मिळवलीत. आता समोर आहे ती दाराजवळ गाडी लावायची सोय. तिला दुसरी वाट नाही. गुणवत्ता दाखवून रुग्णालयाचं दार पन्नास पावलं पुढे सरकत नाही. पत्र वाचताना मला असं वाटलं, आणि मी चुकत असेन तर सोडून द्या, की तुम्हाला भीती आहे ती त्या कार्डामुळे आजवरचा सगळा हिशेब मागे जाऊन बदलेल याची. शाळेतले जुने सहकारी म्हणतील, बघा, शेवटी घेतलंच. म्हणणारे म्हणतीलही. त्यातल्या निम्म्यांचे गुडघे गेलेले असतील आणि ते तुम्हाला फॉर्म कुठे मिळतो ते विचारतील.

आणि ज्याला जास्त गरज आहे त्याची जागा अडवण्याचा प्रश्न. आपल्या तालुक्याच्या गावांत जिथे अशी एखादी निळी चौकट रंगवलेली असते, तिथे प्रत्यक्षात काय उभं असतं ते आठवा: दुकानदाराची स्कूटर, शहाळ्यांची गाडी, मेच्या सुट्टीत पर्यटकांच्या दोन मोठ्या गाड्या. व्हीलचेअरवरचा माणूस तुमच्यामुळे अडत नाही, यांच्यामुळे अडतो. ती चौकट किमान 3.6 मीटर रुंद ठेवायची असते आणि दारापासून 30 मीटरच्या आत असायची असते, असं मानक आहे. रुंदी जास्त का? दार पूर्ण उघडून कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, लावलेला पाय बाहेर काढता यावा, चाकाची खुर्ची बाजूला लावता यावी म्हणून. तुमचाही पाय आधी हाताने उचलून बाहेर ठेवावा लागतो असं तुम्ही लिहिलं आहे. मग ही रुंदी तुमच्यासाठी नाही तर कुणासाठी? एकच जागा असेल आणि समोरून व्हीलचेअरवाला आला, तर त्याला द्या, हे मी सांगायला नको. पण न आलेल्या माणसासाठी स्वतः बाजारात पडत राहू नका.

गाडी काढायला सांगणाऱ्या, टोमणे मारणाऱ्या माणसांचं काय करायचं? त्या बाईला उत्तर द्यायला तुम्ही बांधील नव्हता. रखवालदाराला कार्ड दाखवायचं, बास. तिसऱ्या माणसाला पायाचा इतिहास सांगत बसायची गरज नाही. काठी घ्या असंही सुचवेन, आणि ते लोकांसाठी नव्हे. दुबळा पाय डावा आहे तर काठी उजव्या हातात धरायची, पुष्कळ जण उलट धरतात. काठी पाहून लोक आपोआप बाजूला होतात हा वरचा फायदा.

आणखी एक, आणि हे परवान्याहून मोठं आहे. लहानपणी पोलिओ झालेल्या माणसाला कित्येक दशकं स्थिर गेल्यावर पुन्हा नवी अशक्तता, थकवा, सांधेदुखी सुरू होते, याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. विषाणू परत येत नाही. पोलिओत काही मज्जापेशी मरतात, उरलेल्या पेशी त्यांच्या वाट्याचे स्नायूही सांभाळतात आणि पन्नास-साठ वर्षं दुप्पट काम करून थकतात. आपल्याकडे रानटी, म्हणजे नैसर्गिक विषाणूमुळे होणाऱ्या, पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये सापडला, मार्च 2014 मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला, आणि त्यानंतर हा आजार पाहिलेले तरुण डॉक्टर कमी होत चालले आहेत. त्यामुळे "वय झालं" एवढ्यावर परत येऊ नका. मेंदू-मज्जातंतूंच्या तज्ज्ञाला दाखवा. थायरॉईड, बी12, रक्तातलं लोह, कंबर-गुडघ्याची झीज हे आधी तपासून बाजूला करावं लागतं. तोवर "चालून चालून पाय मोकळा होईल" हा सल्ला मात्र ऐकू नका. अशा पायाला दमेपर्यंत दिलेला व्यायाम अपाय करू शकतो. थोडं चालणं, बसणं, पुन्हा थोडं चालणं. बारीक पायाचं हाडही ठिसूळ असतं, म्हणून पडणं हलक्यात घेऊ नका. म्हणजे दाराजवळची ती जागा तुमच्या बाबतीत निव्वळ आराम नाही. पाय जपून वापरायचा एक उपाय आहे.

अर्जाचं काम तसं सरळ आहे. यूडीआयडीच्या स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर नोंदणी करायची, घरी जमत नसेल तर आपले सरकार सेवा केंद्रात. आधार, अलीकडचा फोटो, आजाराचे कागद लागतात. लहानपणचे कागद कुणाकडेच नसतात, त्याची काळजी नको, पाय स्वतः साक्ष देतो. अर्ज करताना तपासणीचं रुग्णालय निवडायचं असतं. तुमच्यासाठी ओरोसचं जिल्हा रुग्णालय. बोर्ड रोज बसत नाही, तेव्हा वार विचारून मगच गाडी काढा. गणपतीच्या तोंडावर जाऊ नका, चाकरमान्यांच्या गाड्यांनी महामार्ग भरलेला असतो आणि बोर्डाचे डॉक्टरही सुट्टीवर असण्याचा संभव. अर्जाला पैसे लागत नाहीत. कुणी मागितले तर देऊ नका. कार्डाचे रंग तीन: 40 टक्क्यांच्या आत पांढरं, 40 ते 80 पिवळं, 80 आणि वर निळं. छापील कार्ड पोस्टाने येतं, तोवर पोर्टलवरून उतरवून घेतलेलं चालतं. त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि एक झेरॉक्स पर्समध्ये. गाडीच्या कप्प्यात नको, नाहीतर यजमान ते दाखवतील.

टक्के कमी लिहिले असं प्रामाणिकपणे वाटलं तर अपील करता येतं. न करताही पुष्कळ काही होतं. पांढरं कार्ड दाखवून "पाय अधू आहे, दाराशी उतरू द्या" असं म्हटलं तर दहातले बरेच रखवालदार फाटक उघडतात, हा कोकणातला माझा अनुभव आहे. माणूस इथे तोंडाने फटकळ असतो, पण म्हाताऱ्या बाईला उन्हात चालायला लावत नाही.

आणि जिथे चौकटच नाही तिथे ती मागा. तुमच्या नगरपंचायतीला किंवा ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. तो कित्येकदा वर्षअखेरीस वस्तू वाटून संपवला जातो. बाजाराच्या तोंडाशी दोन चौकटी रंगवा, त्यावर खांबाची पाटी लावा आणि मासळी बाजाराच्या दोन पायऱ्यांना कठडा बसवा, असा एका पानाचा अर्ज द्या. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं आहे की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज वावरता यावं यासाठीचे, नियम ऐच्छिक सूचनांसारखे ठेवता येणार नाहीत, सक्तीचे असायला हवेत. अर्जात त्याचा उल्लेख करा. पोचपावती घ्या. उत्तर आलं नाही तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. अर्ज लिहिण्यात तुमचा हात कोण धरणार, मुख्याध्यापकांची निम्मी पत्रं तुम्हीच लिहिली असणार.

स्टिकर तूर्त काढून ठेवा. कार्ड आलं की पुन्हा लावायचा की नाही ते तुम्ही ठरवा.